पानाच्या आतले भाडेकरू

"मराठी विभागासाठी काहीतरी लिही ना," असं संपादक मंडळातल्या ताईंनी सांगितलं तेव्हा मी सरळ 'नाही' म्हणाले होते. मी कॉन्व्हेंटची. शाळेत मराठी ही तिसरी भाषा, जोडाक्षरं अजून अडतात आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत तर सगळा आनंदच आहे. पण आमच्या मिनी प्रोजेक्टबद्दल हॉस्टेलमध्ये इतक्या अफवा उठल्या ('बायोटेकच्या मुलींनी अडुळशातून पेनिसिलिन काढलं' ही त्यातली सर्वात सौम्य!) की एकदा काय झालं ते नीट लिहून टाकावं असं वाटलं. शुद्धलेखन आजीने तपासलं आहे. विज्ञानाच्या चुका माझ्या.

आपल्या लेडीज हॉस्टेलच्या मागे, पाण्याच्या टाकीपाशी अडुळशाचं कुंपण आहे. लांबट टोकदार हिरवी पानं, पांढरी फुलं. गुरं त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपणाला बरं पडतं. खोकला झाला की आजी त्याचाच काढा देते. यात नुसता आजीचा विश्वास नाही. अडुळशात 'व्हॅसिसिन' नावाचं एक अल्कलॉइड असतं आणि त्याच्या रचनेवरून पुढे 'ब्रोमहेक्सिन' हे कफ पातळ करणारं औषध तयार झालं. म्हणजे केमिस्टकडून आणलेल्या बऱ्याच खोकल्याच्या बाटल्यांचं मूळ आपल्या टाकीपाशी उगवलेलं आहे.

इथपर्यंत ठीक. पण आमचा प्रोजेक्ट पानावर नव्हता. पानाच्या आत कोण राहतं, यावर होता.

कुठल्याही झाडाचं निरोगी, हिरवंगार, डाग नसलेलं पान घ्या. त्याच्या पेशींच्या मधल्या जागांत बुरशीचे बारीक धागे राहत असतात. वरून काहीच दिसत नाही. पान सडत नाही, पिवळं पडत नाही. अशा आत राहणाऱ्या सूक्ष्मजीवांना 'एंडोफाइट' म्हणतात. हा शब्द आंतोन द बारी या जर्मन शास्त्रज्ञाने १८६६ मध्ये वापरात आणला. मराठीत कोणी 'अंतर्वासी बुरशी' म्हणतं, पण हॉस्टेलवासीयांना समजेल असं सांगायचं तर हे पेइंग गेस्ट आहेत. बीजाणू हवेतून, पावसाच्या थेंबांतून पानावर पडतात, पर्णरंध्रांतून किंवा वरची साल भेदून आत शिरतात आणि मुक्काम करतात. त्यामुळे कोवळ्या पानात ते कमी सापडतात आणि जून पानात जास्त. जितके दिवस पान हवेत, तितके भाडेकरू जास्त. (हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.)

भाडं काय देतात? सगळेच देतात असं नाही. काही नुसते गप्प पडून असतात आणि पान म्हातारं झालं की त्यालाच खायला लागतात. काही मात्र खरंच कामाचे. २००३ साली एलिझाबेथ अरनॉल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पनामात कोकोच्या रोपांवर एक छान प्रयोग प्रसिद्ध केला. काही पानांत एंडोफाइट मुद्दाम वसवले, काही तशीच मोकळी ठेवली, आणि मग दोन्हींवर 'फायटोफ्थोरा' हा रोग सोडला. भाडेकरू असलेल्या पानांचं नुकसान बरंच कमी झालं. आता आत राहणाऱ्या बुरशीलाही आपली जागा राखायची असते. बाहेरून जिवाणू आले, दुसरी बुरशी आली, तर ती काहीतरी रसायन सोडून त्यांना रोखते. ते रसायन आपल्याला औषध म्हणून मिळेल का, हा सगळ्या प्रोजेक्टचा प्रश्न.

आशा धरण्याचं कारण जुनंच आहे. १९२८ मध्ये फ्लेमिंगच्या प्लेटवर चुकून बुरशी आली आणि तिच्याभोवती जिवाणू नाहीसे झाले, ही गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केली. आपल्याकडे पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना उभा राहिला. तिथल्या संशोधकांनी शोधलेल्या 'हॅमायसिन' या औषधाच्या नावातच कारखान्याची आद्याक्षरं आहेत, आणि ते देणाऱ्या सूक्ष्मजीवाच्या नावात पिंपरी आहे : 'स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना'. पुण्याच्या मुलींना हे माहीत नव्हतं, याचं मला (आणि माझ्या कोकणातल्या आजीला) विशेष समाधान वाटलं.

पण मातीतले सूक्ष्मजीव इतकी वर्षं इतक्या लोकांनी चाळले की आता तेच तेच रेणू पुन्हा हाती लागतात. आणि जिवाणू तर औषधांना सरावत चालले आहेत. २०१९ या एका वर्षात प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं गेली, असा अंदाज २०२२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणून नव्या जागी शोधायचं, आणि पानाचा आतला भाग ही तशी कमी चाळलेली जागा. २००९ मध्ये वाराणसीच्या बनारस हिंदू विद्यापीठातले खरवार आणि अमेरिकेतले गॅरी स्ट्रोबेल यांच्या गटाने कडुनिंबातल्या 'क्लोरिडियम' नावाच्या एंडोफाइटपासून 'जाव्हानिसिन' हा पदार्थ वेगळा केला. तो 'स्यूडोमोनास' जातीच्या जिवाणूंवर चांगला चालला. ही बातमी मोठी का? कारण स्यूडोमोनास हा फार चिवट गडी. त्याच्या भोवती एक जास्तीचं बाहेरचं आवरण असतं, बरीच औषधं तिथेच अडकतात.

हे वाचून मी आणि माझी पार्टनर तरंगतच लॅबमध्ये गेलो.

पद्धत ऐकायला सोपी आहे. पान नळाखाली धुवायचं, ७० टक्के अल्कोहोलमध्ये एक मिनिट, मग सोडियम हायपोक्लोराइटमध्ये (कपड्यांना लावतो त्या ब्लीचचा हा शुद्ध भाऊ) तीन मिनिटं, पुन्हा अल्कोहोलमध्ये अर्धा मिनिट, आणि शेवटी निर्जंतुक पाण्याने तीनदा धुवायचं. उद्देश हा, की पानावरचं सगळं मेलं पाहिजे आणि पानातलं जगलं पाहिजे. मग अर्ध्या सेंटिमीटरचे तुकडे करून अगारवर ठेवायचे आणि वाट बघायची. 'अगार' म्हणजे समुद्रशैवालापासून केलेली जेली. आजीला फोनवर "अगारवर वाढवतोय" म्हटलं तर ती म्हणाली, "आगरात नारळ-पोफळी वाढतात गं, बुरशी कसली वाढवतेस!"

बुरशीला खायला बटाट्याचं पाणी आणि डेक्स्ट्रोज लागतं. लॅबमधली तयार पावडर नेमकी संपलेली. लॅबचे काका म्हणाले, "लिटरला दोनशे ग्रॅम बटाटे उकळा, गाळा, झालं." बटाटे मेसच्या मावशींनी दिले. पुन्हा पुन्हा कोण उकळत बसणार, म्हणून आम्ही एकदम मोठी बॅच केली, आणि पानावरचे जिवाणू मध्ये येऊ नयेत म्हणून त्या सगळ्या माध्यमात 'क्लोरॅम्फेनिकॉल' हे प्रतिजैविक घातलं. इथे वाचकांपैकी कोणी मायक्रोबायॉलॉजीवाले असतील तर ते आत्ताच हसले असतील.

पाचव्या दिवसापासून तुकड्यांच्या कापलेल्या कडांमधून पांढरे कापसासारखे धागे बाहेर यायला लागले. वरून नाही, कडेतून! म्हणजे ते खरोखर आतले होते. मला शब्दांत सांगता येणार नाही इतकं छान वाटलं. अडुळशाचे चाळीस आणि कडुनिंबाचे चाळीस तुकडे लावले होते, त्यातून वेगवेगळे दिसणारे चौदा प्रकार आम्ही निवडले आणि प्रत्येकाला नव्या प्लेटवर घेतलं. ती प्लेटही त्याच मोठ्या बॅचची.

आता मुख्य परीक्षा. एका प्लेटवर जिवाणू सगळीकडे सारखे पसरायचे. आम्ही 'स्टॅफिलोकॉकस ऑरियस' (गळवं, जखमा चिघळणं याच्याशी संबंध असलेला) आणि 'ई. कोलाय' घेतले. मग वाढलेल्या बुरशीसकट अगारची सहा मिलिमीटरची चकती कापून वर ठेवायची आणि ३७ अंशांवर रात्रभर ठेवून द्यायचं. बुरशीने जिवाणू मारणारं काही सोडलं असेल तर चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ दिसतं. बाकी प्लेट धुरकट, तेवढंच काचेसारखं.

सकाळी साडेसातला, नाश्ता सोडून, आम्ही इनक्युबेटर उघडला. वर्तुळं! १६ मिलिमीटर, १८, १९. चौदापैकी चौदा. दोन्ही जिवाणूंवर. ज्या ई. कोलायला स्यूडोमोनाससारखंच जास्तीचं आवरण असतं, त्याच्यावरसुद्धा.

आम्हाला संशय यायला हवा होता. आम्हाला आनंद झाला. आजीला फोन केला तर ती म्हणाली, "मी म्हणतच होते, अडुळसा तो अडुळसा." विंगमध्ये बातमी गेली, मेसमध्ये गेली. कोणीतरी बॉईज हॉस्टेलपर्यंत पोचवली. टेक्निकल फेस्टिव्हलसाठी आम्ही आठशे रुपये देऊन फ्लेक्स छापून घेतला. त्यावर मोठ्या लाल अक्षरांत '१४ पैकी १४' लिहिलं.

फ्लेक्स घेऊन मॅडमकडे सही घ्यायला गेलो. मॅडमनी तो वाचला, चष्मा काढला, पुन्हा घातला.

"चौदाच्या चौदा? निसर्ग इतका दानशूर कधीपासून झाला गं?"

आम्ही म्हटलं, "मॅडम, औषधी वनस्पती आहेत ना..."

"ते असू दे. चकत्या कुठल्या प्लेटमधून कापल्या? आणि बुरशी नसलेल्या कोऱ्या अगारची चकती लावली होती का?"

कोरी चकती आम्ही लावली नव्हती. प्लेटा कमी होत्या, तारीख जवळ आली होती, आणि खरं सांगायचं तर कोऱ्या अगारच्या चकतीने काय होणार असं आम्हाला वाटलं होतं. त्या दुपारी लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी कोऱ्या चकतीभोवती, जिच्यावर बुरशीचा एक धागाही नव्हता, १८ मिलिमीटरचं सुंदर वर्तुळ. जिवाणू आमच्या बुरशीने मारलेच नव्हते. आमच्याच हाताने घातलेलं क्लोरॅम्फेनिकॉल चकतीबरोबर आलं होतं आणि तेच काम करत होतं. आम्ही तीन आठवडे खपून क्लोरॅम्फेनिकॉल चालतं हे सिद्ध केलं होतं, जे जगाला १९४० च्या दशकापासून माहीत आहे!

माझी पार्टनर रडली. मी नाही रडले, पण त्या दिवशी जेवायलाही गेले नाही, कारण मेसमध्ये मावशी विचारणार, "काय, झालं का औषध?"

आता खरी अडचण फ्लेक्सची. स्पर्धा चार दिवसांवर. एका सीनियरने सल्ला दिला, "तसंच लावा, एवढं कोण विचारतंय?" आणि खरंच, बाहेरून येणारे परीक्षक बहुतेक मेकॅनिकलचे असतात. रात्री दीडपर्यंत आम्ही दोघी त्या '१४ पैकी १४' कडे बघत बसलो. मोह झाला नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. शेवटी त्या लाल अक्षरांवर पांढरा कागद चिकटवला आणि खाली दोन फोटो लावले : डावीकडे बुरशीची चकती, उजवीकडे कोरी चकती, दोन्हींना तेवढंच वर्तुळ. शीर्षक लिहिलं 'आमचं वर्तुळ कुठून आलं?' बक्षीस मिळालं नाही (ते नेहमीप्रमाणे रोबोटला मिळालं), पण कॉलेजमध्ये पहिल्यांदाच आमच्या पोस्टरपुढे लोक थांबून भांडत होते.

नंतर पुस्तकं चाळताना कळलं की चकवा फक्त आम्हालाच बसला नव्हता. १९९३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आंद्रेआ स्टायर्ले, स्ट्रोबेल आणि सहकाऱ्यांनी लिहिलं की कॅन्सरवरचं 'टॅक्सॉल', जे यू वृक्षाच्या सालीतून मिळतं, ते त्या झाडातली एक बुरशीही तयार करते. प्रमाण अगदी नगण्य, लिटरमागे २४ ते ५० नॅनोग्रॅम. पण कल्पना इतकी मोहक की पुढे कित्येक जणांनी आपापल्या बुरशीत टॅक्सॉल सापडल्याचं लिहिलं. २०१३ साली जर्मनीतल्या एका गटाने मूळ बुरशी पुन्हा तपासली, तेव्हा ती स्वतः टॅक्सॉल बनवते याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. त्या मोठ्या लोकांची आणि आमची तुलना नाही. पण एवढं कळलं, की झाडातून आलेली गोष्ट आणि बुरशीने केलेली गोष्ट वेगळी ओळखणं हेच या विषयातलं अवघड काम आहे. उद्या माझ्या बुरशीने जिवाणू मारला, तरी 'म्हणून अडुळसा गुणकारी' असं म्हणता येत नाही. पानातली बुरशी वजनाने किती, त्यातलं रसायन किती, आणि काढा उकळल्यावर उरतं किती? आजीला हे पटलेलं नाही. ती म्हणते, गुण येतो ना, मग कोणाचा का असेना.

स्पर्धेनंतर आम्ही पुन्हा सुरुवात केली. चौदाही प्रकार प्रतिजैविक नसलेल्या अगारवर दोनदा बदलले. प्रत्येक प्लेटवर कोरी चकती. या वेळी चौदापैकी बारांभोवती काहीही नाही, जिवाणू अगदी अंगाला खेटून वाढलेले. उरले दोन. त्यातला कडुनिंबाचा एक काळ्या भुकटीचा 'अ‍ॅस्परजिलस'सारखा दिसत होता. धुतलेलं पान नुसतं अगारवर दाबून उचलायचं, म्हणजे वरचं सगळं मेलं का ते कळतं, ती आमची तपासणीची प्लेट जपून ठेवली होती. तिच्यावरही तसाच काळा ठिपका होता. म्हणजे तो आतला भाडेकरू की हवेतून घुसलेला पाहुणा, सांगता येईना. तो काढून टाकला. काढताना जिवावर आलं.

राहिला एक. अडुळशाचा सातवा, वहीत 'अ-७'. ई. कोलायवर शून्य. स्टॅफिलोकॉकसवर ११ मिलिमीटर. यात सहा मिलिमीटर चकतीच आहे, म्हणजे दोन्ही बाजूंना जेमतेम अडीच मिलिमीटर. पण ते अडीच मिलिमीटर खरे होते. तीनदा आले, आणि कोरी चकती तिन्ही वेळा गप्प राहिली. अ-७ कोणती जात आहे ते अजून ठरलेलं नाही. तो बीजाणूच देत नाही, त्यामुळे मायक्रोस्कोपखाली ओळखता येत नाही, डीएनए तपासायला बाहेर पाठवावं लागेल.

मग अ-७ ला बटाट्याच्या पातळ पाण्यात एकवीस दिवस वाढवलं, गाळलं, त्या पाण्यातलं इथाइल अ‍ॅसिटेटने ओढून घेतलं, द्रावक उडवलं आणि तळाशी राहिलेला तपकिरी चिकटा डीएमएसओमध्ये विरघळवून कागदाच्या चकतीवर लावला. नुसत्या डीएमएसओची चकती शेजारी. (आता आम्ही चहा प्यायलो तरी शेजारी कोरा कप ठेवतो.) पहिल्या खेपेला ९ मिलिमीटरचं वर्तुळ आलं.

ते ऐकून माझी रूममेट, जिच्या मांडीला त्या आठवड्यात गळू झालं होतं, म्हणाली, "अगं, मग लाव ना मला तेच." तिची गंमत नव्हती. दोन दिवस गोळ्या घेऊन बरं वाटलं म्हणून तिने कोर्स सोडला होता आणि गळू परत आलं होतं. आपल्या विंगमध्ये प्रत्येक ड्रॉवरमध्ये अशा अर्ध्या राहिलेल्या पट्ट्या आहेत आणि त्या ताप, घसा, दात सगळ्याला एकमेकींना वाटल्या जातात. मी तिला सांगितलं, जी वस्तू जिवाणूला मारते ती तुझ्या पेशींनाही मारू शकते. बुरशा विषंही तितक्याच हौसेने बनवतात, आणि त्या चिकट्यात काय काय आहे हे मलाच माहीत नाही. प्लेटवरच्या वर्तुळापासून औषधापर्यंत पदार्थ शुद्ध करणं, त्याची रचना शोधणं, किती कमी मात्रेत चालतो आणि पेशींना किती घातक आहे ते तपासणं, प्राणी, माणसं... बहुतेक पदार्थ वाटेतच गळतात. दुसऱ्या दिवशी मी तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले. तिने या वेळी कोर्स पूर्ण केला, कारण मी रोज पट्टी मोजत होते.

आणि अ-७? दुसऱ्या खेपेचं वर्तुळ आलंच नाही. तिसऱ्यालाही नाही. बुरशी मस्त वाढते, रंगही तोच, पण सोडत काही नाही. मॅडम म्हणाल्या, एंडोफाइटचं असं होतं. प्लेटवरून प्लेटवर बदलत राहिलं, झाडापासून दूर राहिले, की काही जण ते रसायन बनवणं थांबवतात. कदाचित पानातून मिळणारा काहीतरी इशारा त्यांना लागत असेल. आम्ही आता एका फ्लास्कमध्ये अडुळशाच्या पानांचा अर्क घालून बघतोय (आणि अर्थातच नुसत्या अर्काचा एक फ्लास्क शेजारी). फ्रिजमध्ये अ-७ ची अगदी पहिली नळीही जपलेली आहे.

त्याच झाडातून त्याला पुन्हा नव्याने काढावं असंही ठरलं होतं. पण सुट्टीत टाकीच्या कामासाठी कुंपण छाटलं गेलं. आता फुटवा आलाय, पण सगळी पानं कोवळी आहेत, आणि कोवळ्या पानात भाडेकरू कमी. ती जून व्हायला वेळ लागेल. म्हणून माळीकाकांना विनंती, की टाकीच्या डाव्या कोपऱ्यातलं, लाल रिबीन बांधलेलं झुडूप तेवढं पावसाळा संपेपर्यंत छाटू नका. आणि विंगमधल्या सर्व मैत्रिणींना : काढ्यासाठी पानं उजवीकडची तोडा.